आधी आरोला, मग तेर्वोनेन

माझा नवरा हेइमो तेर्वोनेन फिनलंडमध्ये, तुर्कूला गणिताचा प्राध्यापक होता. हे मी कुणाला सांगितलं आणि समोरचा गणितातला निघाला, की लगेच विचारतो, "म्हणजे आरोला-तेर्वोनेनमधले तेर्वोनेन?" मी हो म्हणते. पुढचा प्रश्न आरोलाबद्दल असतो. हे इतक्यांदा झालंय की हल्ली मी आधीच सांगून टाकते, आरोलाची तब्येत उत्तम आहे, धन्यवाद.

गणितवाल्यांच्या लेखांवर नावं अकारविल्हे छापतात. कोण राबलं आणि कुणी नुसती कॉफी ढवळली, याचा पत्ता त्यावरून लागत नाही. मी औषधशास्त्रातली. आमच्याकडे पहिलं नाव म्हणजे ज्याने काम केलं तो, आणि शेवटचं म्हणजे ज्याच्या खोलीत काम झालं तो. म्हणून लग्नाच्या वर्षी मी हेइमोला भाबडेपणाने विचारलं होतं, "तुझं नाव दुसरं का रे?"

"आरोला आधी येतं म्हणून."

"आणि काम कुणी केलं ते कसं कळायचं?"

"ते लेखात असतं की."

त्याला खरंच तसं वाटायचं. लेख नीट वाचला की कुणाचं डोकं कुठे चाललंय ते आपोआप दिसतं, अशी त्याची श्रद्धा होती. जगात लेख नीट वाचणारे किती, हा हिशेब त्याने कधी केला नाही, आणि हा म्हणे गणिती.

औलिस आरोला आणि हेइमो शिकत असल्यापासूनचे मित्र. औलिस तुर्कूचाच, दाताच्या डॉक्टरचा मुलगा, देखणा, पियानो वाजवणारा. हेइमो उत्तरेकडच्या शेतावरून आलेला, एकदा प्रश्न खांद्यावर घेतला की बैलासारखा ओढत राहणारा. हुशार औलिसच, हे हेइमोनेच मला पहिल्या भेटीत सांगितलं. दुसरा एखादा मुलगा पहिल्या भेटीत स्वतःबद्दल बोलला असता. एका उन्हाळ्यात बेटावरच्या सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, बाहेर येऊन दोघं पायरीवर निथळत बसले होते, तेव्हा औलिस म्हणाला, समज रबराच्या कापडावर एक वर्तुळ काढलं आणि कापड ताणलं, तर ते वर्तुळ किती चेपटं होईल याला काहीतरी सीमा असणार, आणि माझ्या मते ती अशी अशी असणार. हेइमोने हिवाळाभर खपून ती सिद्ध केली. हीच ती आरोला-तेर्वोनेन असमानता. त्या एका लेखावर दोघांचं नाव झालं. कल्पना एकाची, मेहनत दुसऱ्याची. तिथे दोन नावं रास्तच होती.

पुढच्या वर्षी औलिस आजारी पडला. तेव्हा आमच्याकडे नुसतं 'नसांचं दुखणं' म्हणत आणि पुढे कुणी विचारत नसे. हिवाळाभर तो रुग्णालयात होता. बर्फ वितळल्यावर घरी आला तेव्हा जेवायचा, बोलायचा, पियानोसुद्धा वाजवायचा, पण गणिताचं पान समोर धरलं की नजर पहिल्या ओळीवरच अडून बसायची. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवण्यापुरतं तोंडपाठ होतं, तेवढं तो करू शकत होता. नवीन काही सुचणं मात्र संपलं. हे फक्त हेइमोला माहीत होतं आणि हेइमोमुळे मला. औलिसची नेमणूक त्याच वर्षी पुन्हा व्हायची होती आणि नवं छापलेलं काही दाखवल्याशिवाय ती होणार नव्हती. हेइमोचा पुढचा लेख तयार होता, अख्खा त्याच्या एकट्याचा. त्यावर त्याने औलिसचं नाव घातलं.

"एवढ्या वेळेपुरतं," तो म्हणाला.

मलाही ते योग्यच वाटलं. मित्र बुडत असताना कोण नावांचा विचार करत बसतो?

पण दुसऱ्यावर घातलेलं नाव तिसऱ्यावर नसतं, तर लोकांनी विचारलं असतं, यांचं बिनसलं की काय? म्हणून तिसऱ्यावर घातलं. तिसऱ्यावर होतं म्हणून चौथ्यावर. मग औलिसला प्राध्यापकपद मिळालं, त्या लेखांवरच मिळालं, आणि त्यानंतर नाव काढणं म्हणजे त्याच्या खुर्चीचा पाय कापणं झालं. हेइमोला प्राध्यापकपद त्याच्यामागून मिळालं. खोलीही औलिसच्या शेजारची मिळाली, मधल्या भिंतीत दार असलेली. विभागाला वाटलं, केवढी सोय केली आपण.

आमच्याकडे गुरुवारी घरोघर वाटाण्याचं सूप असतं. ते मी जास्तीचं करायची आणि हेइमो पातेलं घेऊन औलिसकडे जायचा. औलिस एकटा राहायचा. त्याची बायको आजारपणात माहेरी गेली ती तिकडचीच झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हेइमो आठवडाभरात केलेलं सगळं त्याला समजावून सांगायचा आणि औलिस सुपात मोहरी कालवत ऐकायचा. मधूनमधून श्वास आत ओढून "यो" म्हणायचा. आमच्याकडे यो म्हणजे हो. पण असं श्वास आत ओढून म्हटलेलं यो म्हणजे ऐकतोय, चालू दे, पुरे कर, यांतलं काहीही असू शकतं. हेइमोने त्याचा अर्थ 'बरोबर आहे' असा धरला होता. औलिसला दाखवल्याशिवाय मी काही छापत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. माझा तिळपापड व्हायचा.

"त्याला कळतं तरी का त्यातलं?"

"ऐकतो तो."

"आपलं मांजरही ऐकतं."

"मांजर यो म्हणत नाही," हेइमो म्हणायचा आणि बूट घालायचा.

एडिनबरोहून बोलावणं आलं तेव्हा आमची लेक नुकती शाळेत जायला लागली होती. दोन वर्षं तिकडे, राहायला घर, नवी माणसं, आणि मुख्य म्हणजे नवा विषय. हेइमोला त्या रबराच्या कापडाचा वीट आला होता. त्याला संख्यांकडे वळायचं होतं. मूळ संख्यांबद्दल बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे, लग्नाआधी माझ्याशी बोलताना व्हायचे तसे. मी तर घर भाड्याने कुणाला द्यायचं तेही मनात ठरवून टाकलं होतं. गुरुवारी तो औलिसला सांगायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "नको जायला."

"का? काय म्हणाला तो?"

"यो म्हणाला."

"मग झालं तर."

"ते यो चांगलं नव्हतं."

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. ते त्याच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले, त्यामुळे त्यातही काही मजा उरली नाही. संख्यांवरची पुस्तकं त्याने वरच्या फळीवर ठेवली आणि पुन्हा वर्तुळं ताणायला बसला. नव्या विषयात औलिसला कुठून ओढणार? जुन्यात निदान कुणाला औलिसने काही बोलावं अशी अपेक्षा नव्हती, नुसतं नाव पुरत होतं. असं हेइमोचं सगळं आयुष्य त्या एका विषयात, त्या एका दारामागे आणि त्या एका पातेल्यात अडकून पडलं. त्याने कधी तक्रार केली नाही. मी भरपूर केली.

मग उत्तरेतल्या ओउलुच्या विद्यापीठातून औलिसला फोन आला. तिथे मिर्का नावाच्या एका मुलीच्या पीएच.डी.चा जाहीर वाद होता आणि प्रतिवादी म्हणून त्यांना औलिस हवा होता. प्रतिवादी म्हणजे ज्याने काळा शेपटीकोट घालून व्यासपीठावर बसायचं आणि भरल्या सभागृहात दोन-तीन तास उमेदवाराला प्रश्न विचारायचे. प्रबंध आरोला आणि तेर्वोनेन यांच्या कामावरच उभा होता. छापायला जाण्याआधी तो ओळन् ओळ तपासायचं काम त्यांनी हेइमोला दिलं होतं, ते त्याने केलंही होतं. तपासायला तेर्वोनेन आणि मानाच्या खुर्चीला आरोला. औलिस असली आमंत्रणं तब्येतीचं कारण सांगून टाळायचा. या वेळी त्याने हो म्हटलं.

त्या गुरुवारी पॅनकेक घेऊन मीही गेले होते.

"नाही म्हणून कळव," हेइमो म्हणाला.

"हो म्हणून कळवलंय."

"तब्येत बरी नाही म्हण."

"तब्येत बरी आहे."

"अरे, तीन तास असतात ते. लोकांसमोर. ती मुलगी तयारीची आहे. काय विचारशील तू तिला?"

"यो," म्हणत औलिसने पॅनकेकवर जॅम घेतला.

हेइमोने तो हिवाळा औलिसचे प्रश्न लिहिण्यात घालवला. कुठल्या पानावर काय विचारायचं, ती काय उत्तर देईल, त्यावर मान कशी हलवायची आणि पुढे काय म्हणायचं. शाळेतल्या नाटकाची तालीम घ्यावी तसा तो दर गुरुवारी औलिसकडून ते म्हणून घ्यायला बघायचा. औलिस म्हणायचा, "ठेव तिथे." हेइमोची झोप उडाली. औलिसचं पितळ उघडं पडलं तर औलिस पुन्हा आजारी पडेल, ही एक भीती. आणि लोक विचारतील, मग तेर्वोनेन इतकी वर्षं काय करत होता, जगाला फसवत होता का, ही दुसरी. मला विचाराल तर उघडं पडलं असतं तर बरंच झालं असतं. दोघांनाही मोकळा श्वास घेता आला असता. पण मला कुणी विचारलं नाही.

ओउलुचं सभागृह तुडुंब भरलं होतं. आरोला येणार म्हणून लोक लांबून आले होते. व्यासपीठावर मधोमध अध्यक्ष, एका बाजूला मिर्का, दुसऱ्या बाजूला औलिस, आणि टेबलावर दोन उंच काळ्या टोप्या. औलिसच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता, पण दिसत होता रुबाबदार. मिर्काचं सुरुवातीचं भाषण झालं. औलिसने उभं राहून रिवाजाप्रमाणे प्रबंधाबद्दल चार शब्द सांगितले आणि तो बसला. हेइमोने लिहून दिलेले कागद त्याने काढलेच नाहीत.

"पान एकाहत्तर," तो म्हणाला. "इथे तुम्ही लिहिलंय, 'आरोला आणि तेर्वोनेन यांनी सिद्ध केल्याप्रमाणे'. आरोलाला हे समजलेलं नाही. कृपा करून समजावून सांगा."

सभागृहात खसखस पिकली. मिर्का लाजली, फळ्याकडे गेली आणि तिने ते प्रमेय मांडून दाखवलं. ते हेइमोचं होतं, एडिनबरोला नाही म्हटलं त्या वर्षातलं. मला गणित कळत नाही, पण त्या वर्षातली आकृती मी ओळखते. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती महिनोन् महिने पसरलेली होती.

"नाही समजलं," औलिस म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं, हळू, मोठी आकृती काढून.

"अजूनही नाही. मला हे कधीच समजलं नाही. मी खरं सांगतोय."

आता लोक प्रेमाने हसत होते. माझ्या पुढच्या बाकावरचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "काय पद्धत आहे बघ. मुलीला पार मुळाशी नेतोय." हेइमोने माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखायला लागलं होतं.

तिसऱ्यांदा सांगताना मिर्का मध्येच थांबली. खडू हातात तसाच. बराच वेळ ती फळ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ही अट इथे लागतच नाही." तिने वरची ओळ पुसली, खालच्या दोन ओळी बदलल्या, आणि अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. त्या अटीशिवायही प्रमेय खरं ठरत होतं, म्हणजे आधीपेक्षा बळकट होत होतं, असं मला नंतर कळलं. ती अट हेइमोने घातली होती, आणि नको असलेली ती अट इतकी वर्षं त्याला दिसली नव्हती.

"हेही मला समजलं नाही," औलिस म्हणाला. सभागृहाने टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या.

संध्याकाळच्या मेजवानीत मिर्काने आभार मानले, डोळ्यांत पाणी आणून. औलिस उत्तराला उभा राहिला. "मी या मुलीला कुठल्याही सापळ्यात पकडलं नाही," तो म्हणाला. "मला खरोखरच येत नाही." सगळ्यांनी हसून पेले उंचावले. तिथले मुख्य प्राध्यापक हेइमोच्या कानाशी वाकून म्हणाले, "अशा माणसाबरोबर उभं आयुष्य काम करायला मिळालं. नशीबवान आहात." हेइमो खाली मान घालून मासा खात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत, खाण्याच्या डब्यात आम्ही तिघं बसलो. बाहेर नुसता बर्फ आणि देवदार.

"मी सांगितलं त्यांना," औलिस म्हणाला.

"ऐकलं मी."

"हसले."

"हो."

"आता माझं नाव काढ, हेइमो."

हेइमोने कप खाली ठेवला. "तुला नको होतं ते?"

"दुसऱ्या लेखापासूनच नको होतं."

"मग बोलला का नाहीस?"

औलिसने बाहेर बघितलं. त्याला बोलायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे कुणी घाई करत नाही. "तू येऊन बसायचास," तो म्हणाला. "मी यो म्हटल्याशिवाय पान उलटायचा नाहीस. मला वाटलं, याला एकट्याला धीर होत नाही. माझ्या आजारपणात तू एवढं केलंस, आता मी हात काढून घेतला तर हा कोसळेल."

"मी कोसळेन?"

"मला तसं वाटलं."

"मी तर तू कोसळशील म्हणून..." हेइमोचं वाक्य पुरं झालं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हा दोघांना देवाने तोंडं दिली ती कशाला?" मी म्हणाले. "सूप प्यायला?"

"सूप चांगलं असायचं, मार्युत," औलिस म्हणाला.

"एडिनबरोचं ते यो कसलं होतं?"

त्याला आठवायला वेळ लागला नाही. "त्या दिवशी मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा. मग पुढच्या गुरुवारी हा पातेलं घेऊन दारात."

तांपेरे स्टेशन येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि ते दोघं मला दिसत नसल्यासारखं बसले होते. माझी दोन वर्षं, लेकीची दोन वर्षं, नवऱ्याच्या त्या मूळ संख्या, सगळं एका श्वासाच्या चुकीच्या अर्थापायी गेलं होतं. चूक दुरुस्त करायला एक प्रश्न पुरला असता. आमच्या लोकांना रबराची वर्तुळं ताणता येतात, पण समोरच्या माणसाला 'तुला काय हवंय?' हे विचारता येत नाही.

असो. निदान आता तरी सुटेल, असं मला वाटलं. हेइमोने पुढचा लेख एकट्याच्या नावावर पाठवला. तो मूळ संख्यांवर नव्हता, त्यासाठी आता उशीर झालाय असं तो म्हणाला. नेहमीचाच विषय, आणि त्याच्या मते त्याचं सगळ्यांत चांगलं काम. तो साभार परत आला. तपासणाऱ्याने लिहिलं होतं की काम कसून केलेलं आहे, परंतु आरोलाबरोबरच्या लेखांत जी खोल दृष्टी असते ती इथे जाणवत नाही. हेइमोने ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा तो हसत होता.

विभागातही कुजबुज सुरू झाली. तेर्वोनेनने म्हाताऱ्या मित्राला वाऱ्यावर सोडलं. ओउलुला त्या बिचाऱ्याने दोघांच्या प्रमेयातली नको असलेली अट उघडी पाडली ना, ते याने मनाला लावून घेतलं. विभागप्रमुख यार्नो, आमच्या लेकीच्या वयाचा, चांगला मुलगा, एकदा माझ्या औषधांच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना सांगा ना, एवढं मनावर घेऊ नका म्हणावं. आरोला सरांच्या सावलीत राहणं सोपं नसेल, पण सावलीतसुद्धा चांगलं काम होतं."

"दिवसातून तीनदा, जेवणानंतर," मी म्हणाले आणि बाटली त्याच्या हातात दिली.

हेइमो घरी काम करेनासा झाला. म्हणजे टेबलाशी बसायचा, पेन्सिल हातात घ्यायचा, अर्धं पान लिहायचा आणि थांबायचा. ओउलुच्या त्या अटीने त्याला पोखरलं होतं. तो म्हणायचा, औलिस तीन वेळा 'समजलं नाही' म्हणाला आणि त्या मुलीला दिसलं. मग इतक्या गुरुवारांत तो जिथे यो म्हणाला नाही, तिथे मी परत जाऊन बघत होतो, ते काय होतं? मी म्हणायची, अरे, त्याला कळत नव्हतं, तो स्वतः सांगतोय. तो म्हणायचा, त्याला कळत नव्हतं हे खरं, पण मला त्याच्यासमोर कळत होतं. मला राग यायचा, आणि रागाच्या खाली भीती वाटायची.

हेइमोच्या निवृत्तीच्या दिवशी विभागाच्या कॉफीच्या खोलीत समारंभ झाला. कोळंबी घातलेला ब्रेडचा थरांचा केक, फुलं, आणि यार्नोचं भाषण. त्याने मन लावून तयारी केली होती. म्हणाला, "आमच्या विषयाला आरोलांनी दृष्टी दिली आणि तेर्वोनेननी पाय दिले." लोकांना ते आवडलं. औलिस पुढच्या रांगेत बसला होता, आमच्या लेकीशेजारी. त्याने मान वळवून हेइमोकडे बघितलं आणि अगदी मोठ्याने म्हणाला, "सांग त्यांना."

हेइमो उभा राहिला. जन्मभर त्याने टाळलेली गोष्ट त्याने त्या दिवशी केली. तो म्हणाला, "पहिल्या लेखातली कल्पना औलिसची आहे. त्यानंतरचे सगळे लेख मी एकट्याने लिहिले. औलिसने त्यांत काही केलेलं नाही. त्याचं नाव मी घातलं होतं, कारण तो आजारी होता. हे मी केव्हाच सांगायला हवं होतं."

तरुण मुलं आपापल्या कपात बघायला लागली. यार्नोची मान लाल झाली. म्हातारा माणूस आपल्याच निरोपाला आपल्या मित्राबद्दल असं बोलतो, याची त्यांना त्याच्या वतीने लाज वाटत होती. मी ती लाज त्या खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर बघितली, माझ्या लेकीच्यासुद्धा.

मग औलिस उभा राहिला. "तो म्हणतोय ते खरं आहे," तो म्हणाला. "शब्द न् शब्द खरा आहे. मी काहीही केलेलं नाही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी यार्नोने, मग सगळ्यांनी, उभं राहून. एका मुलीने डोळे पुसले. औलिस हात हलवत होता, नको नको म्हणत होता, आणि तो जेवढं नको म्हणेल तेवढ्या टाळ्या वाढत होत्या. यार्नोने जाऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "इतका मोठेपणा मी पाहिला नाही," तो म्हणाला. औलिस हेइमोकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रुग्णालयाच्या त्या हिवाळ्यानंतर पाहिलं नव्हतं. हेइमोही टाळ्या वाजवत होता. काय करणार? सगळेच वाजवत होते.

आम्ही नदीकाठाने चालत घरी निघालो. फुलं माझ्या हातात होती. पूल ओलांडताना हेइमो थांबला आणि कठड्याला धरून उभा राहिला. मला वाटलं दम लागला.

"मार्युत," तो म्हणाला. "मीच केलं ना गं ते?"

मी त्याला अख्खं आयुष्य बघितलेलं आहे. टेबलाशी वाकलेली पाठ, पहाटे उठून पुसलेली आणि पुन्हा काढलेली वर्तुळं, जेवताना हवेत फिरणारं बोट. पण त्या कागदांवरची एक ओळसुद्धा मला कधी वाचता आली नाही. सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच होतं की मी ते बघितलं.

"हो रे," मी म्हणाले. "तूच केलंस."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "तुला काय कळणार," आणि माझ्या हातातली फुलं स्वतःच्या हातात घेऊन चालायला लागला.